टेबल टेनिसमध्ये बॅट धरावी कशी: शेकहँड, पेनहोल्ड आणि पकडीतले दोष

फोरहँड (तळहाताच्या बाजूने मारलेला फटका) नेटमध्ये अडकतो आणि बॅकहँड (हाताच्या मागच्या बाजूने मारलेला फटका) टेबलाबाहेर जातो, अशी तक्रार घेऊन येणारा खेळाडू बहुधा आपल्या फटक्यातच चूक शोधत असतो. हात किती मागे न्यावा, कोपर कुठे ठेवावे, कंबर किती वळवावी, या प्रश्नांवर तो महिना-दोन महिने घालवतो आणि तरीही दोष तसाच राहतो. कारण दोष फटक्यात नसून बॅट हातात जिथे बसली आहे तिथे असतो. बॅट हातात जराशी एका अंगाला फिरलेली असली, तर एका बाजूचे रबर खाली झुकते आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे रबर वर उघडते. म्हणून दोन बाजूंना परस्परविरुद्ध चुका होत असतील तर आधी पकड तपासावी, आणि दोन्ही बाजूंना एकसारखीच चूक होत असेल तर फटका किंवा पायांची हालचाल तपासावी, हा नियम मी सरावाच्या हॉलमध्ये अनेक वर्षे पाळत आलो आहे आणि त्याने मला क्वचितच चकवले आहे.

बॅट कशी धरावी याबद्दल खेळाच्या नियमांत कोणतेही बंधन नाही. बॅट हातात असली पाहिजे एवढेच नियम सांगतात, आणि बॅट धरलेल्या हाताला मनगटाच्या खाली चेंडू लागला तरी तो फटका वैध मानला जातो, त्यामुळे बोटाला लागून गेलेल्या चेंडूवर थांबून हात वर करण्याची गरज नसते. ब्लेडचा, म्हणजे बॅटच्या लाकडी पात्याचा, हँडलजवळचा जो भाग बोटांनी धरला जातो तो रबराविना उघडा ठेवण्याची मुभाही नियमातच आहे. या लेखातील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटे वाचावे.

शेकहँड पकड: बसवण्याची पद्धत

आज जगात बहुसंख्य खेळाडू शेकहँड पकडीने खेळतात आणि नव्याने शिकणाऱ्याने, विशेष कारण नसेल तर, हीच पकड घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाशी हस्तांदोलन करावे तसा हात पुढे करून बॅट धरायची, एवढे सगळेच सांगतात. पण एवढ्यावर सोडले तर दहा जण दहा प्रकारे बॅट धरतात. म्हणून मी टेबलाचाच आधार घ्यायला सांगतो.

टेबलाच्या काठाजवळ बॅट तिच्या कडेवर उभी करावी. हँडल आपल्याकडे, टेबलाच्या बाहेर आलेले असावे आणि ब्लेड वरून डाव्या हाताने हलकेच धरलेले असावे, म्हणजे बॅट डावीउजवीकडे कलणार नाही. आता उजवा हात अंगठा वर आणि तळहात डावीकडे अशा स्थितीत सरळ पुढे न्यावा आणि हँडल तळहातात येऊ द्यावे. मधले बोट, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटे हँडलभोवती सैलसर गुंडाळावीत. हात ब्लेडच्या दिशेने इतका पुढे सरकवावा की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ब्लेडच्या खांद्यापाशी, म्हणजे हँडल ब्लेडला मिळते तिथे, टेकेल. बेचकी आणि ब्लेड यांच्यामध्ये बोटभर अंतर राहिले, तर बॅट हाताचा भाग होत नाही, ती लांबवर धरलेल्या काठीसारखी लटकते.

त्यानंतर तर्जनी आणि अंगठा यांची जागा ठरवावी. तर्जनी बॅकहँडच्या रबराच्या खालच्या कडेलगत आडवी पसरावी. ती ब्लेडच्या मध्याकडे रोखलेली नसावी. नवशिक्या मुलांना बोटाने चेंडूकडे निर्देश करावा तशी तर्जनी रबरावर सरळ उभी ठेवायची फार सवय असते, आणि मग बॅकहँडचे निम्मे चेंडू बोटावरच आदळतात. अंगठा दुसऱ्या बाजूला, म्हणजे फोरहँडच्या बाजूला, रबराच्या खाली उघड्या लाकडावर टेकवावा आणि किंचित वाकवून ठेवावा. अंगठ्याचे पेर लाकडावर राहिले तर त्याला उथळ शेकहँड म्हणतात, आणि हात आणखी वर सरकून अंगठा रबरावर चढला तर ती खोल पकड होते. उथळ पकडीत मनगट अधिक मोकळे राहते, सर्व्हिस आणि टॉपस्पिनला (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याला) फिरकी जास्त मिळते. खोल पकडीत ब्लेड अधिक स्थिर राहते, ब्लॉक करणाऱ्याला, म्हणजे जोरात आलेला चेंडू बॅट स्थिर ठेवून परतवणाऱ्याला, ते आवडते. सुरुवात उथळ पकडीने करावी, कारण उथळ पकडीतून खोल पकडीकडे जाणे सोपे असते, उलट दिशेने मात्र मनगट पुन्हा मोकळे करायला फार वेळ लागतो.

आता डावा हात काढून घ्यावा, बॅट तशीच समोर धरावी आणि वरून खाली पाहावे. ब्लेडची वरची कड बेचकीच्या बरोबर मध्यातून निघाल्यासारखी दिसली, तर पकड तटस्थ आहे. वरची कड डावीकडे, म्हणजे तळहाताच्या बाजूला, कललेली असेल तर फोरहँडला बॅट आपोआप बंद होते आणि बॅकहँडला उघडते. सुरुवातीला ज्या तक्रारीचा उल्लेख केला, फोरहँड नेटमध्ये आणि बॅकहँड बाहेर, ती नेमकी याच झुकावाची खूण आहे. कड उजवीकडे कललेली असेल तर चित्र उलटे होते: बॅकहँड चांगला बसतो, पण फोरहँड उंच उडतो आणि फोरहँडच्या टॉपस्पिनमध्ये चेंडू उचलण्यासाठी मनगट विचित्र वाकवावे लागते. काही उत्तम खेळाडू जाणूनबुजून थोडी कललेली पकड वापरतात आणि ते चुकीचे नाही. परंतु तो निर्णय आपली मुख्य शस्त्रे कोणती हे कळल्यावर घ्यायचा असतो, पहिल्या सहा महिन्यांत नव्हे.

जोर किती आणि कोणत्या बोटाचा

पकडीची जागा बरोबर असूनही खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा मूठ घट्ट आवळल्यामुळे. घट्ट पकडीत मनगटाबरोबर पुढचा हात आणि खांदाही ताठरतो, आणि हलक्या हाताने, चेंडूखालून बॅट सरकवून टाकायचा छोटा पुशसुद्धा उंच उडून प्रतिस्पर्ध्याच्या फोरहँडवर जातो. परीक्षा सोपी आहे. रॅलीच्या मधेच खेळ थांबवावा आणि हाताची स्थिती न बदलता सोबत्याला बॅटचे टोक धरून ओढायला सांगावे. थोडा जोर लावल्यावर बॅट हातातून निसटत असेल तर पकड योग्य आहे. ओढणाऱ्याबरोबर तुमचा हातही जात असेल तर तुम्ही बॅट आवळत आहात. आणि हात लावताच बॅट सुटत असेल तर पकड फार ढिली आहे.

चेंडू येईपर्यंत सैल, चेंडूला लागताना क्षणभर घट्ट आणि लगेच पुन्हा सैल, हा क्रम हाताला लागला पाहिजे. त्या क्षणी सगळी मूठ आवळायची नसते. फोरहँड मारताना आधार तर्जनीचा असतो, कारण ती ब्लेडच्या मागच्या बाजूला असते आणि चेंडूचा धक्का तिच्यावर येतो. बॅकहँड मारताना तोच आधार अंगठा देतो. करंगळी आणि अनामिका ही दोन बोटे जवळजवळ पूर्ण वेळ विश्रांतीत असली पाहिजेत. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या करंगळीचे टोक प्रत्येक सत्रानंतर पांढरेफटक झालेले दिसे. तिला मी आठवडाभर करंगळी हँडलवरून पूर्ण उचलून पुश खेळायला लावले. पहिले दोन दिवस बॅट डगमगत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिचे पुश नेटलगत पडू लागले. हा व्यायाम मी त्यानंतर मोठ्या माणसांनाही देतो.

मुंबईत आणि कोकणात जूनपासून हात सतत ओला राहतो, आणि बॅट सुटेल या भीतीनेच मूठ आवळली जाते. यावर उपाय मुठीत नाही, टॉवेलमध्ये आहे. सामन्यात दर सहा गुणांनंतर टॉवेल वापरायची मुभा असते आणि ती प्रत्येक वेळी घ्यावी. फक्त तोंड पुसून परत न फिरता बॅटचे हँडल आणि तळहाताची बेचकी पुसावी. हँडलवर गुंडाळायची टेप घाम शोषते, पण तिने हँडल जाड होते आणि बॅटचे वजन मागे सरकते, म्हणून एकच पातळ थर द्यावा.

हँडल आणि ब्लेडचा खांदा

शेकहँड बॅटची हँडले मुख्यतः दोन आकारांत मिळतात. शेवटाकडे रुंद होत जाणारे फ्लेअर्ड हँडल तळहातात अडकून राहते, त्यामुळे सैल पकडूनही बॅट सुटत नाही. सरळ हँडलमध्ये बॅट हातात फिरवणे सोपे जाते. नवशिक्याने फ्लेअर्ड घ्यावे. लहान मुलाला मात्र मोठ्यांचे जाड हँडल देऊ नये, कारण त्याच्या बोटांना वेढा पूर्ण होत नाही आणि मग तो अंगठा वर चढवून बॅट चिमटीत धरतो. पातळ हँडलची बॅट मिळत नसेल तर हँडलच्या कडा काचकागदाने थोड्या घासून घ्याव्यात.

नव्या ब्लेडचा खांदा धारदार असतो आणि चार दिवसांत बेचकीला किंवा तर्जनीच्या बाजूला फोड येतो. बरेच जण फोड टाळण्यासाठी नकळत हात खाली सरकवतात आणि तिथूनच चुकीची पकड सुरू होते. हँडल जिथे ब्लेडला मिळते तिथल्या दोन्ही बाजूंच्या कडा बारीक काचकागदाने गोलसर कराव्यात. एकदम जास्त घासू नये; दहा-बारा वेळा घासून बॅट हातात घ्यावी, बेचकी आणि तर्जनी टेकवून पाहावी, पुन्हा घासावे. रबर लावण्याआधीच हे काम उरकले तर लाकडाचा भुसा रबरावर बसत नाही.

सर्व्हिस करताना बदलणारी पकड

शेकहँडने धरलेल्या बॅटने मनगट पूर्ण वाकत नाही, कारण हँडलचे टोक पुढच्या हाताला अडते. म्हणून फिरकीची सर्व्हिस करताना जवळजवळ सगळे चांगले खेळाडू पकड बदलतात. मागची तीन बोटे हँडलवरून सोडून तळहाताकडे दुमडावीत आणि ब्लेड फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, हँडलच्या अगदी वर, धरावे. हँडल आता मोकळे लटकते आणि मनगट दुप्पट फिरल्यासारखे वाटते. या चिमटीत धरून चेंडूच्या तळाशी ब्लेड घासले की साध्या पकडीत न मिळणारी फिरकी मिळते.

अडचण नंतर येते. सर्व्हिसचा परतीचा चेंडू येईपर्यंत मूळ पकडीत परत यावे लागते, आणि इथेच नव्या खेळाडूचा तिसरा चेंडू, म्हणजे सर्व्हिस आणि तिच्या परतीनंतरचा आपला फटका, वाया जातो. म्हणून या सर्व्हिसचा सराव कधीही एकट्या सर्व्हिसचा करू नये. चेंडू बॅटवरून सुटताच तीन बोटे हँडलवर मिटायची, एवढीच हालचाल आधी चेंडूशिवाय करावी. मग चेंडू मारून, परतीची वाट न पाहता, लगेच एक फोरहँडचा सावलीफटका, म्हणजे चेंडूशिवाय फटक्याची नुसती हालचाल, मारावा. आणि शेवटी सोबत्याला परत करायला सांगून खरा तिसरा चेंडू खेळावा. पकड परत बसली की नाही हे तिसऱ्या चेंडूच्या दिशेवरून कळते. तो सारखा एकाच बाजूला चुकत असेल, तर बोटे मिटताना बॅट फिरलेली असते.

पेनहोल्ड

1952 साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आशियात प्रथमच भरली आणि ती मुंबईत भरली. तिथे जपानच्या हिरोजी सातोने पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. त्याच्या बॅटला जाड स्पंज होता, चेंडू लागल्याचा नेहमीचा आवाज त्यातून येत नसे, आणि ती बॅट तो लेखणी धरावी तशी धरत असे. त्यानंतरचा मोठा काळ या पकडीचा होता. 1959 मध्ये जागतिक विजेता झालेला चीनचा रोंग ग्वोत्वान आणि 1961, 1963 व 1965 असा तीन वेळा विजेता झालेला च्वांग त्सेतुंग हे दोघेही पेनहोल्डने खेळत.

चिनी पेनहोल्ड बसवताना बॅट उलटी, हँडल वर आणि ब्लेड खाली अशी, समोर धरावी. हँडल बेचकीत विसावू द्यावे. अंगठा आणि तर्जनी हँडलच्या दोन बाजूंनी पुढे येऊन फोरहँडच्या रबराच्या वरच्या कडेवर टेकतात. त्यांच्या टोकांमध्ये साधारण बोटभर अंतर ठेवावे. उरलेली तीन बोटे ब्लेडच्या मागे एकावर एक दुमडलेली असतात आणि मधल्या बोटाच्या पहिल्या पेराची बाजू तेवढी लाकडाला किंवा मागच्या रबराला टेकते. जपानी पद्धतीत तर्जनी हँडलभोवती आकड्यासारखी गुंडाळून अंगठ्याजवळ येते आणि मागची बोटे सरळ पसरलेली असतात. त्यासाठीच्या बॅटला तर्जनीच्या जागी बुचाचा उंचवटा असतो आणि ब्लेड बहुधा हिनोकी लाकडाचे, एकाच जाड थराचे असते. या पकडीत फोरहँड फार जोरदार बसतो. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कोरियाच्या र्यू सुंग-मिनने चीनच्या वांग हाओला हरवले ते याच घराण्यातल्या पकडीने, पायांच्या बळावर जवळजवळ प्रत्येक चेंडू फोरहँडवर घेत.

पारंपरिक पेनहोल्डमध्ये बॅकहँडही पुढच्याच रबराने, ढकलून खेळला जातो. त्यासाठी अंगठा सैल करून तर्जनीचा दाब वाढवावा लागतो. फोरहँडला याच्या उलट, अंगठा दाबून तर्जनी सैल सोडावी. याचा एक मोठा फायदा असा की पोटावर आलेला चेंडू कोणत्या रबराने घ्यायचा हा शेकहँडवाल्याला कायम छळणारा प्रश्न इथे पडत नाही. तोटा बॅकहँडच्या ताकदीत आहे. तो भरून काढण्यासाठी ब्लेडच्या मागच्या बाजूलाही रबर लावून मनगट आत वळवून मारलेला उलटा बॅकहँड आला. ल्यू ग्वोल्यांगने 1990 च्या दशकात तो मोठ्या स्पर्धांत वापरला, मा लिन आणि विशेषतः वांग हाओ यांनी तो मुख्य फटका बनवला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक मिळवणारा फ्रान्सचा फेलिक्स लब्रँ हा तरुणही याच पद्धतीने खेळतो, त्यामुळे पेनहोल्ड आता संपली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

उलटा बॅकहँड शिकताना अंगठा ब्लेडमध्ये अधिक रोवावा, तर्जनी सैल सोडावी आणि मागची तीन बोटे शक्य तितकी दुमडून बाजूला घ्यावीत, नाहीतर चेंडू बोटांवर येतो. पहिले काही आठवडे मनगट दुखते. दुखणे सराव थांबताच जात असेल तर चालते; दुसऱ्या दिवशी सकाळी टिकत असेल तर फटक्यांची संख्या निम्मी करावी.

इतर पकडी, आणि बॅट फिरवणे

अमेरिकेच्या डॅन सीमिलरच्या नावाने ओळखली जाणारी पकड शेकहँडसारखीच सुरू होते, पण तर्जनी ब्लेडच्या कडेभोवती वळवून दोन्ही फटके एकाच रबराने खेळले जातात. ब्लॉक करायला ती फार चांगली आहे. ती शिकवणारा माणूस जवळ असल्याशिवाय मात्र घेऊ नये.

बॅट फिरवणे ही मात्र स्वतंत्रपणे शिकण्याजोगी गोष्ट आहे. दोन बाजूंना वेगवेगळ्या स्वभावाची रबरे लावणारे खेळाडू रॅलीच्या मधे बॅट अर्धी वळवून बाजू बदलतात. भारताच्या मनिका बत्राच्या खेळात हे वारंवार पाहायला मिळते. पूर्वी दोन्ही रबरे एकाच रंगाची असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला कोणती बाजू लागली हे कळतच नसे, म्हणून 1986 मध्ये एक बाजू लाल आणि एक काळी असण्याचा नियम आला; 2021 पासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी इतर काही ठरावीक रंगही चालतात. शेकहँडमध्ये बॅट फिरवताना तीन बोटे सैल करून अंगठा आणि तर्जनी यांनी हँडल अर्धे फिरवावे आणि बोटे मिटावीत. टीव्ही पाहत बसल्याबसल्या हे रोज पन्नास वेळा करावे, पण प्रत्येक वेळी शेवटी वरची कड बेचकीच्या मध्यात आली का ते पाहावे.

जुनी पकड बदलायची असेल तर

स्पर्धेच्या तोंडावर पकड बदलू नये. किमान दीड-दोन महिने सामने नसतील असा काळ निवडावा आणि पहिल्या आठवड्यात चेंडूला हातच लावू नये. टेबलावर बॅट उभी करून पकड घेणे, सोडणे, पुन्हा घेणे आणि आरशासमोर सावलीफटके एवढेच करावे. नंतर फक्त पुश, मग संथ ड्राइव्ह, मग टॉपस्पिन असा क्रम ठेवावा. वेग वाढला की हात जुन्या जागेकडे धावतो, त्यामुळे सोबत्याचे चेंडू आवरते आणि एकसारखे असणे आवश्यक आहे. रॅली तुटली की प्रत्येक वेळी बॅट डाव्या हातात देऊन पुन्हा उजव्या हातात घ्यावी; ही छोटी सवय लावून घेतली तर चुकलेली पकड पुढच्या गुणापर्यंत टिकत नाही.

महिन्याभराने बॅट उजेडात नीट पाहावी. रबराच्या खालच्या उघड्या लाकडावर अंगठ्याच्या घामाचा काळपट डाग पडलेला असतो, दुसऱ्या बाजूला तर्जनीचा. अंगठ्याचा डाग एकच आणि गोल असेल तर पकड एका जागी राहत आहे. डाग लांबट पसरला असेल, किंवा एकाशेजारी एक असे दोन दिसत असतील, तर अंगठा सामन्याच्या ओघात वरखाली सरकतो आहे. पेन्सिलीने हव्या त्या डागाभोवती बारीक रेघ ओढावी आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक सर्व्हिसआधी अंगठा त्या रेघेच्या आत आहे ना, एवढेच पाहावे.